ब्रह्मकमळाला कात्री लावावी का?

मैत्रिणींनो, पाऊस ओसरू लागला की या सदराकडे ब्रह्मकमळाची पत्रं यायला लागतात. जून ते सप्टेंबर सगळ्या आनंदाच्या बातम्या असतात. कुणाकडे एका रात्रीत सात फुलं उमलली, कुणी शेजारच्या बिऱ्हाडांना बोलावून आरती केली, मसाला दूध दिलं. दसरा जवळ आला की मात्र प्रश्नांची पत्रं येतात. झाड नुसतंच वाढतंय, फूल नाही. पान लावलं ते सडलं. झाड वेडंवाकडं पसरलंय, काय करू?

यंदा ठाण्याच्या एका भगिनींचं पत्र आलं. ते थोडक्यात देते.

“आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळी झाली की जागा रिकामी करायची. निदान तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आहेत. तिथे गच्ची नाही, पूर्वेची एक खिडकी आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आईने मला ब्रह्मकमळ दिलं होतं. आई आता नाही. झाड गच्चीवरच्या पिंपात वाढून माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. पिंप चार माणसांनाही हलायचं नाही. छाटून लहान करावं म्हटलं, तर सासूबाई म्हणतात, देवाचं झाड आहे, त्याला सुरी लावायची नाही. यजमान म्हणतात, नव्या घरात नवं झाड आणू. पण नवं झाड आईचं कसं होईल? काय करू ते लवकर कळवा.”

भगिनींनो, या पत्राचं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, कात्री लावा, आणि लवकर लावा. पण सासूबाईंना एवढ्याने पटायचं नाही, आणि त्यांचं मन मोडून केलेलं काम तुम्हालाही गोड लागणार नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते. ज्यांना घर बदलायचं नाही, त्यांनाही याचा उपयोग होईल.

हे झाड मुळात कुठलं?

आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते निवडुंगाच्या कुळातलं आहे. त्याचं शास्त्रीय नाव एपिफायलम ऑक्सिपेटलम. हे नाव त्याला हॉवर्थ नावाच्या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ साली दिलं. मूळ गाव मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडचे मध्य अमेरिकेतले देश. तिथल्या दमट जंगलात ते मोठ्या झाडांच्या खोबणीत, साठलेल्या पाल्यापाचोळ्यात मुळं धरून वाढतं. आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर ऑर्किड वाढतं ना, तसंच.

हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, बारा हजार फुटांच्या वर उगवणारं. केदारनाथ-बद्रीनाथला वाहतात ते हे. उत्तराखंडाचं ते राज्यपुष्प आहे, आणि १९८२ साली आपल्या टपाल खात्याने हिमालयातल्या फुलांची तिकिटं काढली, त्यांत ते होतं. ते आपल्या गच्चीत जगणार नाही. नाव एकाचं आणि झाड दुसरं, असं झालं आहे. म्हणून आपली श्रद्धा खोटी ठरत नाही. रात्री नऊला उमलायला लागून मध्यरात्री पूर्ण फुलणारं आणि उजाडायच्या आत मान टाकणारं ते पांढरंशुभ्र फूल पाहिलं की हात आपोआप जोडले जातात. ते खुशाल जोडावेत. पण हे झाड आपल्या जुन्या पोथ्यांतलं नाही, तेव्हा त्याला सुरी लावू नये असा नियम पोथीत कुठून असणार?

दुसरी गंमत म्हणजे, आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाहीच. ती चपटी झालेली फांदी आहे. मी शाळेत सातवीच्या मुलींना याचा एक तुकडा दाखवते आणि विचारते, “पानाच्या कडेला फूल आलेलं कुणी पाहिलंय का?” मग मुली विचारात पडतात. फुलं येतात ती फांदीला, पानाला नाहीत. कडेला ज्या खाचा दिसतात, त्या प्रत्येक खाचेत एक डोळा असतो. त्या डोळ्यातूनच नवा फुटवा निघतो किंवा कळी निघते, आणि तोच भाग मातीत गेला तर तिथे मुळं धरतात. एवढं ध्यानात ठेवलंत की पुढचं सगळं सोपं आहे. पुढे मी सवयीप्रमाणे ‘पान’च म्हणणार आहे, पण ती फांदी आहे हे विसरू नका.

सुरी लावायची की नाही?

तुळशीला मंजिऱ्या आल्या की आपण त्या खुडतो. नाही खुडल्या तर तुळस उंच, काटकुळी होते आणि लवकर वाळते. खुडली की ती बाजूने फुटते, डेरेदार होते. तुळशीपेक्षा का ब्रह्मकमळ मोठं देव आहे? मंजिरी खुडणं ही तुळशीची सेवाच, तशी छाटणी ही याची.

सासूबाईंना आणखी एक गोष्ट सांगा. आपल्याकडे या झाडाला फळ धरून त्याच्या बियांपासून रोपं केलेली मी तरी पाहिली नाहीत. घराघरांत पोचलं ते पानानेच. कुणीतरी आपल्या झाडाचं एक पान कापून दुसरीला दिलं, दुसरीने तिसरीला. तुमच्या आईंकडेही ते असंच कुणाकडून तरी आलं असणार, आणि आईंनी आपल्या झाडाला सुरी लावली म्हणूनच तुम्हाला ते मिळालं. देवाच्या झाडाला सुरी लावायची नाही, हे सगळ्याजणींनी पाळलं असतं, तर आज आपल्यापैकी एकीच्याही दारात ब्रह्मकमळ नसतं.

आणि ‘नवं झाड आईचं कसं होईल’ या तुमच्या प्रश्नाचंही उत्तर यातच आहे. बी पेरून आलेलं रोप म्हणजे झाडाचं मूल. ते थोडं आईसारखं, थोडं निराळं. पण फांदी लावून वाढवलेलं रोप, ज्याला शेतकरी छाट कलम म्हणतात, ते मूल नव्हे. ते तेच झाड. फक्त त्याची मुळं नवी. तेव्हा पिंप इथेच राहिलं तरी पान तुमच्याबरोबर आलं म्हणजे आईचं झाडच तुमच्याबरोबर आलं. हे मनाची समजूत घालायला म्हणत नाही, शास्त्र म्हणून सांगते आहे.

छाटणी केव्हा करावी?

फुलांचा बहर संपला की. आपल्याकडे दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ उत्तम. तेव्हा पावसाचा जोर नसतो, म्हणून कापलेली जागा कुजत नाही, आणि थंडीही सुरू झालेली नसते, म्हणून मुळं लवकर धरतात. ही वेळ चुकली तर फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. भर पावसाळ्यात नको आणि झाडावर कळ्या असताना तर मुळीच नको.

काय कापावं, काय ठेवावं?

कात्री धारदार हवी. भाजीची बोथट सुरी नको, तिने फांदी चेचली जाते. पात्याला स्पिरिटचा बोळा फिरवून घ्या. एका झाडाची बुरशी दुसऱ्याला लागत नाही. या झाडाला शेरासारखा दुधाळ चीक नसतो, नुसतं पाणी येतं, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही.

आधी जरा लांब उभं राहून झाड नीट बघा. मग या क्रमाने चला.

१) सुकलेली, पिवळी पडलेली, मऊ झालेली पानं पहिल्यांदा काढा.

२) अगदी जुनी, तपकिरी खरखरीत डागांनी भरलेली पानं काढा. ज्या डोळ्यातून एकदा फूल येऊन गेलं, त्यातून सहसा पुन्हा येत नाही. त्यामुळे फार जुनं पान नुसतं ओझं होऊन बसतं.

३) बुंध्यातून काठीसारख्या गोल, लांबलचक फांद्या निघतात. कितीजणी त्या निरुपयोगी समजून मुळापासून छाटतात. तसं करू नका. त्याच काठ्यांवर पुढे पानं फुटतात आणि पानांवर फुलं येतात. त्या कमरेइतक्या उंच झाल्या की नुसता शेंडा खुडा, म्हणजे खाली बाजूने फुटतील.

४) एकमेकींत गुंतलेल्या, आत अंधारात वाढलेल्या बारीक फांद्या काढा. मध्ये हवा-उजेड खेळला पाहिजे.

कापताना पान जिथे दुसऱ्या फांदीला जोडलेलं असतं त्या सांध्यावर कापा. मधूनच कापलं तर झाड मरत नाही, पण ती तुटकी कड वर्षानुवर्षं तशीच दिसते. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा कापलात तर पुरे. छाटणीनंतर आठवडाभर पाणी बेताचं घाला आणि जखमा कोरड्या राहू द्या.

पान कसं लावावं?

पत्रांत सगळ्यांत जास्त तक्रार ‘पान सडलं’ ही असते. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पान कापलं आणि लगेच ओल्या मातीत खोचलं.

पान निवडताना कोवळं पोपटी नको आणि जरठही नको. गेल्या वर्षीचं, गर्द हिरवं, टणक पान घ्या. त्याचे सहा-सहा इंचांचे तुकडे करा. एका लांब पानाचे दोन-तीन तुकडे होतात. मात्र कुठली बाजू खालची ते विसरता कामा नये. उलटं लावलेलं पान नीट धरत नाही. मी खालची कड दोन्ही बाजूंनी तिरकी कापून टोकदार करते आणि वरची सरळ ठेवते. मग दहा तुकडे एकत्र झाले तरी घोटाळा होत नाही.

आता हे तुकडे वर्तमानपत्रावर पसरून सावलीत ठेवा. पाच ते सात दिवस. हवा दमट असेल तर दहा. आपल्या जखमेवर खपली धरते तशी कापलेल्या कडेवर कोरडी साय धरते. ती धरली की बुरशी आत शिरत नाही. इतके दिवस पान सुकेल अशी भीती बाळगू नका. निवडुंगाच्या जातीची झाडं दिवसा आपली रंध्रं मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात, त्यामुळे अंगातलं पाणी फारसं उडत नाही. मातीशिवाय टेबलावर ठेवलेल्या तुकड्याला पंधरवड्यात पांढरी बारीक मुळं फुटलेली आमच्या वर्गातल्या मुलींनी पाहिली आहेत.

कुंडी लहान घ्या, चार इंचांची. दह्याचं मातीचं मडकं किंवा श्रीखंडाचा रिकामा डबाही चालतो, फक्त तळाला भोकं हवीत. माती म्हणाल तर काळी चिकण माती अगदी नको, तिच्यात पाणी तुंबतं. हे झाड मुळात पाल्यापाचोळ्यात वाढणारं आहे. म्हणून एक वाटा कुजलेल्या पाल्याचं खत किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा, एक वाटा जुनं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक वाटा जाडी वाळू किंवा विटेचा बारीक चुरा, असं मिश्रण करा. मूठभर कोळशाचे तुकडे घातले तर उत्तम.

पान दीड इंच आत जाईल असं खोचा. निदान एक, जमल्यास दोन डोळे मातीखाली गेले पाहिजेत. शेजारी काडी रोवून सुतळीने सैल बांधा, म्हणजे पान डुलत नाही आणि कोवळी मुळं तुटत नाहीत. पहिले तीन-चार दिवस पाणी नको. मग माती नुसती दमट राहील इतकं शिंपडा. कुंडी उजेडात, पण ऊन लागणार नाही अशी ठेवा. तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. पान हलकेच ओढून पाहा. हाताला अडकल्यासारखं वाटलं की समजा, जीव धरला. रोज उपटून बघू नका बरं का!

ठाण्याच्या भगिनींसाठी

तुमच्या हातात दिवाळीपर्यंतचे दिवस आहेत, ते पुरेसे आहेत. दसरा झाला की सहा-सहा इंचांचे दहा-बारा तुकडे करा. त्यांशिवाय तीन-चार पानं असलेली, हातभर लांबीची एक चांगली फांदी सांध्यावरून कापून घ्या. तिलाही सावलीत दहा दिवस ठेवा आणि आठ इंचांच्या कुंडीत लावा. लहान तुकड्याला फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. मोठी फांदी लावली तर त्याआधी यायची शक्यता जास्त. ही फांदी तुमच्या पूर्वेच्या खिडकीत राहू द्या. सकाळचं कोवळं ऊन या झाडाला फार मानवतं. गच्ची गेली याचं त्याला दुःख होणार नाही.

सगळे तुकडे एकाच घरात ठेवू नका. दोन तुमच्याकडे, एक बहिणीकडे, एक भावाकडे, आणि इमारतीतल्या ज्या शेजारणी आता चार दिशांना जाणार आहेत त्यांना एकेक द्या. एकीचं गेलं तर दुसरीकडून पान मागता येतं. परगावी पाठवायचं असेल तर कड सुकलेलं पान वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घालून पाठवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, घामेजून सडतं.

पिंपातल्या झाडाचं म्हणाल, तर पानं काढून झाली की ते दीड-दोन फुटांवर छाटा. एरवी मी तिसऱ्या हिश्शाच्या वर कापू देत नाही, पण इथे झाड वाचवायचं आहे. पिंप आडवं करून मुळांचा गोळा सोडवा, मुळं घट्ट आणि फिकट रंगाची असतील तर जवळच्या देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात झाडाच्या सावलीत लावून द्या. मुळं काळी, लिबलिबीत असतील तर त्याचा लोभ सोडा.

सासूबाईंना बाजूला ठेवून हे काम उरकू नका. सकाळी झाडाला हळदकुंकू वाहा आणि पहिलं पान त्यांच्या हातून कुंडीत लावून घ्या. दसऱ्याला आपण आपट्याचं पान सोनं म्हणून देतोच ना? पान देणं आपल्या घरांना काही नवं नाही.

फूल का येत नाही?

उरलेल्या पत्रांना हे एकत्र उत्तर.

झाड अंधारात असेल तर लांब, बारीक फांद्या येतात आणि फूल येत नाही. उजेडात आणा, पण मे महिन्याचं दुपारचं ऊन चुकवा. त्याने पानं पिवळी पडतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींनी उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधावी.

कुंडी फार मोठी असेल तर झाड पानंच वाढवत बसतं. मुळं जरा दाटीत असली की फुलं बरी येतात. तीन वर्षांतून एकदा कुंडी बदललीत तरी पुरे.

नत्राचं खत, म्हणजे युरिया वगैरे, जास्त झालं तरी तेच. जुनं शेणखत उन्हाळ्याच्या शेवटी एकदा घाला. थंडीत खत नको आणि पाणीही कमी करा. झाडाला तेवढी विश्रांती लागते.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसून काढा. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे फुटवे खातात, रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारा.

बुंधा मऊ, तपकिरी झाला असेल तर वाट पाहू नका. सडकी जागा सोडून वर कापत जा, आतला भाग स्वच्छ हिरवा-पांढरा दिसेपर्यंत. तिथून वरची चांगली पानं सुकवून लावा. अशा वेळी झाड वाचवायचा दुसरा उपाय नाही.

आणि कळी दिसली की कुंडी हलवू नका. कळी दिसल्यापासून फूल उमलायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. या दिवसांत जागा बदलली, पाणी चुकलं, की कळ्या गळतात. देठ वाकून कळीने तोंड वर केलं आणि ती टपोरी फुगली की रात्र जवळ आली असं समजून दूध आणायला सांगा.

कुणाच्या पानाला कधी मुळं धरली, कुणाचं सडलं, ते जरूर कळवा. पत्रात कुंडीचं माप, ऊन कोणत्या दिशेचं आणि पाणी किती वेळा, एवढं लिहायला विसरू नका, म्हणजे उत्तर नेमकं देता येतं. पुढच्या वेळी कुंडीतल्या शेवंतीच्या फुटव्यांबद्दल बोलू.